एल्विराच्या हातचं मरण

एल्विरा बेल्त्रामेच्या हातून पेशी मरत होत्या आणि त्यामुळे ती रडकुंडीला आली होती.

खरं तर पेशी मारणं हेच तिचं काम. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिच्यात कधीकधी गाठ धरते. त्या गाठीच्या पेशी बशीत वाढवायच्या आणि त्या कशानं मरतात, कशानं मरत नाहीत ते बघायचं, यात तिची पंचवीसेक वर्षं गेली होती. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात, पाराना नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. पण सध्या मरत होत्या त्या नको त्या पेशी. ज्या जगायला हव्यात नेमक्या त्याच, आणि त्याही फक्त तिच्याच हातून.

या कामाकडे ती वळली ती मावसबहिणीमुळे. नोएमी एकोणीस वर्षांची. लग्न नाही, कुणाशी काही नाही, आणि एके दिवशी तिच्या छातीतून दूध यायला लागलं. मावशीनं घर डोक्यावर घेतलं. शेजारच्या पोरापासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला, पाद्रीबाबांना बोलावून झालं. शेवटी निघाली काय, तर डोक्यात मसुराच्या दाण्याएवढी गाठ. तीच दूध आणणारं हार्मोन भसाभसा सोडत होती. नोएमी गोळ्यांनी बरी झाली. पाववाल्यानं मात्र पुढे कित्येक वर्षं मावशीला शिळा पावच दिला. एल्विरा तेव्हा शाळकरी होती. एवढीशी गाठ अख्खं घर नाचवते, ही गोष्ट तिच्या मनातून कधी गेली नाही.

आता भांडण काय होतं ते सांगायला हवं. शरीरात टीएनएफ नावाचं एक प्रथिन निरोप्याचं काम करतं. ते पेशीच्या दाराशी जाऊन सांगतं, तुझं झालं, आता आवर. शहाणी पेशी ऐकते, स्वतःला आतल्या आत मोडते आणि गुपचूप नाहीशी होते. गाठीची पेशी कसली ऐकते! एल्विराचं म्हणणं, नुसता निरोप्या पाठवून उपयोग नाही. आधी इस्ट्रोजेननं, म्हणजे बायकांच्या त्या प्रसिद्ध हार्मोननं, पेशीचे कान उघडावे लागतात, तेव्हा कुठे निरोप आत पोचतो. शेजारच्या टेबलावरच्या नेस्तोर सार्किसचं म्हणणं, कानबिन सब झूट. निरोप्या दमदार असला की पुरे.

"तुमच्या बायकांना वाटतं, जगात काहीही व्हायचं तर तुम्हाला विचारूनच व्हायला पाहिजे," तो म्हणायचा.

"आणि तुम्हा पुरुषांना वाटतं, दार ठोठावलं की घर आपलंच," ती म्हणायची.

दोघं एकाच वर्षी या प्रयोगशाळेत लागले होते. एकाच किटलीतल्या पाण्यावर 'माते' नावाचा तिकडचा कडवट चहा प्यायचे, एकाच नळीनं. तेवढं सोडलं तर त्यांचं कशावरही एकमत नव्हतं. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख ब्लांकाबाई कंटाळल्या. सत्तरीच्या बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज बंदरावरच्या मुकादमासारखा.

"पुरे झालं तुमचं! दोघांनीही हाच प्रयोग करा, आपापला. निम्म्या बशांत हार्मोन घाला, निम्म्यांत थेंबभरही नको. निरोप्या सगळीकडे सारखाच. बशांवर नावं टाकायची नाहीत, नुसते आकडे. मोजीन मी."

मेलेल्या पेशींना एक रंग चिकटतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या हिरव्या चमकतात. म्हणजे हार्मोन घातलेल्या बशीत हिरव्या ठिपक्यांची गर्दी आणि बिनहार्मोनच्या बशीत अंधार दिसला, तर एल्विरा जिंकली. दोन्हीकडे सारखी गर्दी दिसली, तर नेस्तोर.

बाईंनी मोजलं. मग चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा मोजलं. शेवटी कुठला आकडा कुणाचा, ती यादी उघडली.

"नेस्तोर, तुझ्या बिनहार्मोनच्या बशांत अंधार आहे. निरोप्या आला आणि हात हलवत परत गेला."

नेस्तोरचं तोंड उतरलं. एल्विरा खुर्चीत ताठ बसली.

"एल्विरा, तुझ्या बिनहार्मोनच्या बशांत मात्र दिवाळखोराच्या घरासारखी पळापळ आहे. मरतायत धडाधड."

म्हणजे हार्मोन लागतंच म्हणणाऱ्या एल्विराच्या बशा नेस्तोरची बाजू घेत होत्या, आणि नेस्तोरच्या बशा तिची. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जिंकल्याचा आनंद कुणालाच करता येईना, आणि हरलो म्हणायचीही सोय नव्हती.

"तुझ्या पेशी तुझ्यासारख्याच उलट्या काळजाच्या," नेस्तोर म्हणाला.

"आणि तुझ्या तुझ्यापेक्षा हुशार," एल्विरा म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

प्रयोग पुन्हा केला. तेच झालं. मग बाटल्यांची अदलाबदल केली: तिचं द्रावण त्याच्याकडे, त्याचं तिच्याकडे. पेशींना पाजायच्या द्रावणातून हार्मोन आधीच कोळशानं ओढून घेतलेलं असतं, तेव्हा कदाचित एल्विराच्या बाटलीतला कोळसाच आळशी असेल, असं बाईंना वाटलं होतं. पण तिची बाटली नेस्तोरच्या हातात गेली की पेशी सुखानं नांदत, आणि त्याची बाटली तिच्या हातात आली की मरत. दोष बाटलीत नव्हता. दोष हातात होता.

"तू काय ओरडतेस का त्यांच्यावर?" नेस्तोरनं विचारलं.

"मी त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही."

"मग त्यामुळेच. माझी बायको बोलायची बंद झाली की मलाही असंच वाटतं."

सगळे हसले. एल्विरापण हसली, पण त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये तिनं दोन्ही हात मांडीवर उलटेपालटे करून पाहिले. हे हात ब्लांकाबाईंनी परदेशी पाहुण्यांना दाखवले होते, 'अख्ख्या देशात इतके स्वच्छ हात नाहीत' म्हणून. आणि आता प्रयोगशाळेतली कालची पोरं तिच्या बशा उचलताना जरा जपूनच उचलत होती. तिच्यासमोर गप्प व्हायची, ती वळली की कुजबुजायची.

त्यात तिकडचा जानेवारीचा उन्हाळा. नदीवरून वारा म्हणून येत होता तो भट्टीतून आल्यासारखा. वातानुकूलन यंत्र नाताळच्या आधीच बंद पडलं होतं आणि दुरुस्तीवाला 'सोमवारी येतो' म्हणत होता, कुठल्या सोमवारी ते मात्र सांगत नव्हता. सगळेच घामाघूम. एल्विराचा घाम मात्र वेगळा होता. तो पोटातून ज्वाळेसारखा उठायचा, छातीतून गळ्यापर्यंत चढायचा, आणि चेहरा टोमॅटोसारखा लाल व्हायचा. मागे एका परिसंवादात, बोलता बोलता उष्णतेचा असा उमाळा आला की तिला पुढचं वाक्यच सुचेना. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं उठून तिला पाणी दिलं आणि मोठ्यानं विचारलं, "तब्येत बरी आहे ना, सेन्योरा?" सगळं सभागृह वळून बघायला लागलं. दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरकडे गेली.

पण ही गोष्ट तिनं प्रयोगशाळेत कुणाला सांगितली नव्हती. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. जन्मभर ती दुसऱ्यांची हार्मोन्स मोजत आली होती. आता तिच्या स्वतःच्या हार्मोन्सनी गाशा गुंडाळला, हे नेस्तोरला कळलं तर तो त्यावर किती वर्षं विनोद करील, याचा हिशोबच नव्हता. म्हणून उमाळा आला की ती शीतगृहात शिरायची. फ्रीजएवढी थंड, कपाटाएवढी खोली ती. फळीवरच्या बाटल्यांत काहीतरी शोधल्यासारखं करायचं, पाठ गार भिंतीला टेकायची, आणि चेहऱ्याचा रंग जागेवर आला की बाहेर यायचं.

शनिवारी ती कुत्र्याला घेऊन पशुवैद्याकडे गेली.

तोरिबिओ हा तिचा कुत्रा. लांबलचक अंग, बुटके पाय, वय झालेलं, आणि चेहऱ्यावर सदैव निवृत्त न्यायाधीशाचा भाव. नवरा सोडून गेल्यावर घरात राहिलेला तो एकमेव पुरुष. गेले काही दिवस उद्यानात त्याचे हाल चालले होते. इतर कुत्रे त्याच्या मागे लागत, हुंगत, लाडात येत. तोरिबिओ बिचारा बाकाखाली जाऊन बसायचा. त्यात आंघोळ घालताना एल्विराच्या लक्षात आलं, की त्याच्या पोटावरचे सड सुजलेत. पिल्लं झालेल्या कुत्रीसारखे.

गाठ! दुसरं तिच्या मनात येणार तरी काय?

पशुवैद्य आयेलेन तिशीची होती, दंडावर मांजराचं गोंदण, तोंडात सतत गोळी. तिनं तोरिबिओला टेबलावर उताणा केला, दाबून पाहिलं, रक्त काढून घेतलं, कानामागे खाजवलं.

"झोपतो कुठे हा?"

"माझ्या उशाशी."

"सकाळी कडेवर घेता?"

"घ्यावंच लागतं. नाहीतर न्याहारी करत नाही. दंडावर डोकं ठेवून बसतो, मग हात चाटतो, मग खातो." एल्विराला ओशाळल्यासारखं झालं. "म्हातारा आहे हो."

"अच्छा." आयेलेननं गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "एक विचारू, रागावू नका. घरात कुणी हार्मोनचं जेल लावतं का? दंडाला वगैरे?"

एल्विराचा हात आपसूक दंडाकडे गेला.

लावत होती. रोज सकाळी आंघोळीनंतर, खांद्यापासून मनगटापर्यंत, दोन्ही हातांना. डॉक्टरनं दिलेलं इस्ट्रोजेनचं जेल.

"असं होतं कधीकधी," आयेलेन समजावत होती. "कुत्रं चाटतं आणि त्याच्या अंगात जातं. नर कुत्र्याची पार कुत्री होते बिचाऱ्याची. काळजी करू नका, तुम्ही जेलची जागा बदला, त्याला चाटू देऊ नका, ओसरेल. फार थोडं पुरतं हो या हार्मोनला, आपल्याला कल्पना नसते."

"मला आहे," एल्विरा हळूच म्हणाली. "मी यावरच काम करते."

आयेलेन हसू दाबत तोरिबिओकडे बघू लागली. एल्विराच्या डोळ्यांसमोर मात्र कुत्रा नव्हता. तिला दिसत होत्या तिच्या स्वतःच्या बाह्या, उकाड्यामुळे कोपराच्या वर गुंडाळलेल्या. तिला दिसत होती द्रावणाची बाटली. ती बाटली कोपराच्या बेचक्यात धरून उबपेटीचं दार उघडायची तिची जुनी सवय होती. पोरं त्या सवयीची नक्कलही करायची. मग हातमोजा घातलेला हात ती बाटली बेचक्यातून काढणार, त्याच हातानं झाकण फिरवणार, त्याच हातानं बशी उघडणार. बाटलीभर द्रावणाला जेलचा एक पुसट डागसुद्धा पुष्कळ. बिनहार्मोनच्या बशीत हार्मोन होतं. ती स्वतःच घालत होती.

"बरं वाटत नाहीय का तुम्हाला?" आयेलेननं विचारलं. "चेहरा लाल झालाय."

"तो होतोच," एल्विरा म्हणाली, आणि तोरिबिओला टॉवेलमध्ये गुंडाळून उचलला.

घरी आल्यावर तिनं जेलची बाटली कपाटात टाकली. मनगटापर्यंत बाह्यांचा जुना कोट शोधला. पुढचे काही दिवस जेल नाही, गुंडाळलेल्या बाह्या नाहीत, बाटली बेचक्यात नाही. प्रयोग पहिल्यापासून मांडायचा. कुणाला काही बोलायचं नाही. आधी पेशी काय म्हणतात ते बघायचं.

पेशी काय म्हणणार ते कळायच्या आधी शरीरानं आपलं म्हणणं मांडलं. जेल बंद झाल्यावर उमाळे दुपटीनं यायला लागले, आणि वर तो लांब बाह्यांचा कोट. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती शीतगृहात, अगदी तळाच्या फळीत डोकं घालून उकिडवी बसली होती, तेव्हा दार उघडलं.

"सापडली!" नेस्तोर म्हणाला. "आज मी पकडणारच होतो. कुठे लपवतेस?"

"काय?"

"माझी प्रतिपिंडं! महिनाभर बघतोय मी, दिवसातून पन्नासदा आत येतेस आणि रिकाम्या हातानं बाहेर जातेस. मला वाटलं, तू माझ्या बाटल्यांना काहीतरी करतेयस. नंतर वाटलं रडत असशील. मग वाटलं रडता रडता माझ्या बाटल्यांना काहीतरी करत असशील."

"दार लाव. गारवा जातोय."

त्यानं दार लावलं. दोघं त्या कपाटाएवढ्या थंडीत समोरासमोर उभे राहिले, मधे गोमूत्राच्या रंगाच्या बाटल्यांची एक परडी.

"नेस्तोर, मला उमाळे येतात. त्या वयाचे. मी इस्ट्रोजेनचं जेल लावते दंडांना. लावत होते. आणि बाटली मी इथं धरते." तिनं कोपराचं बेचकं दाखवलं. "आणि माझ्या कुत्र्याला सड आलेत."

नेस्तोरच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट हळूहळू उमटत गेली, आधी बाटली, मग बशा, आणि सर्वांत शेवटी कुत्रा. कुत्र्यापाशी पोचल्यावर तो फुटला. हसता हसता त्यानं फळी धरली, मग उपडी परडी ओढून तिच्यावर बसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. एल्विरानं ठरवलं होतं की चिडायचं. पण त्याचं ते फुसफुसत हसणं, नाकातून निघणारी वाफ, आणि आपण स्वतः शीतगृहात घामानं निथळतोय हे पाहून तिलाही राहवेना.

"तोरिबिओ?" तो धापा टाकत म्हणाला. "तो न्यायाधीश?"

"उद्यानात तोंड दाखवायला जागा नाही त्याला."

हसणं ओसरल्यावर नेस्तोरनं आपली परडी जरा जवळ ओढली.

"हे उमाळे... रात्री पण येतात?"

"रात्रीच जास्त. पांघरूण लाथेनं उडवावं लागतं."

"आणि कुणी जवळ आलं, हात लावला, तर?"

"तर त्याला खिडकीतून फेकून द्यावंसं वाटतं. का?"

"झुल्मा दोन वर्षं पांघरूण फेकतेय," तो म्हणाला. झुल्मा म्हणजे त्याची बायको. "मी बाहेरच्या खोलीत झोपतो. मला वाटलं, माझा कंटाळा आला तिला. विचारायची हिंमत झाली नाही."

"हार्मोन्सवर पंचवीस वर्षं काम करतोस आणि घरात विचारलं नाहीस?"

"तू स्वतःच्या दंडाला विचारलंस का?"

दोघांचे दात वाजायला लागले तेव्हा ते बाहेर आले. दारासमोर उभी असलेली दोन पोरं त्यांना पाहून एकदम भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागली.

शुक्रवारी बाईंनी नव्या बशा मोजल्या. एल्विराच्या बिनहार्मोनच्या बशांत अंधार होता, तुरळक एखादा ठिपका सोडला तर. हार्मोनच्या बशांत हिरवी जत्रा.

"आता तुझ्या हातांना काय झालं?" बाईंनी विचारलं.

एल्विरानं सगळ्यांसमोर सांगितलं. सुरुवातीला शब्द अडखळले, मग कुत्र्याचा भाग आला आणि ते सोपं झालं. पोरं टेबलावर डोकी टेकून हसत होती. ब्लांकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा दोरीवर सोडला.

"मूर्ख मुली, मला विचारायचंस की. माझे उमाळे होते त्या काळात मी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीशेजारी टेबल मांडलं होतं. लोकांना वाटायचं, केवढी कामसू बाई." मग आवाज मुकादमाचा झाला. "पण हे नुसतं सांगून मी ऐकणार नाही. दाखवा. मुद्दाम जेल लावा, नेमकं तसंच करा, आणि मरू देत पेशी."

"मी आता महिनाभर त्या जेलला हात लावणार नाही," एल्विरा म्हणाली. "डॉक्टरनं त्याऐवजी हार्मोनची पट्टी दिलीय, कमरेला चिकटवायची."

"शिवाय ती करणार आणि तिचंच खरं ठरणार, हे काही बरोबर नाही," नेस्तोर उठत म्हणाला. बाह्या वर सारायला लागला. "हात माझे घ्या. माझ्या हातून आजवर एक पेशी चुकून मेलेली नाही."

"सड येतील हं," कुणीतरी मागून म्हणालं.

"येऊ देत. घरात निदान कुणीतरी मला हुंगेल."

सोमवारी सकाळी एल्विरानं कपाटातली बाटली आणली आणि स्वतः हातमोजे घालून नेस्तोरच्या केसाळ दंडांना जेल चोळलं. तो मुकाट उभा होता, फक्त गुदगुल्या होतात म्हणून कुरकुरत होता. मग त्यानं द्रावणाची बाटली कोपराच्या बेचक्यात धरली. त्याला ते जमेना, बाटली निसटायला लागली. "अशी नाही, छातीशी आवळून," एल्विरा शिकवत होती. "तान्हं बाळ धरतोस तशी." शेवटी जमलं. दार उघडलं, झाकण फिरवलं, बशा भरल्या.

बाईंनी मोजायच्या दिवशी तो सूक्ष्मदर्शकाजवळ कुणाला येऊ देईना. स्वतःच वाकला.

"काय दिसतंय?" एल्विरानं विचारलं.

"मेल्यात," तो म्हणाला. "हार्मोनचा थेंब न घालता. माझ्या बशीत. माझ्या हातून." मान वर न करताच तो बाजूला सरकला आणि तिला जागा दिली.

तिनं डोळा लावला. हिरव्या ठिपक्यांनी बशी भरून गेली होती. एकेक ठिपका म्हणजे ऐकायला लागलेली एक पेशी. दंडावर चोळलेलं जेल, त्यातलं जे काही बाटलीला लागलं, बाटलीचं जे काही मोज्याला लागलं, तेवढं पुरलं होतं. ही चूक इतकी पुसट होती, तरी पेशींनी ती पकडली होती. मुद्दाम आखलेल्या कुठल्याही प्रयोगात हार्मोनची ताकद तिला इतकी स्वच्छ दिसली नव्हती.

"लिहायला घेऊ या," ती म्हणाली. "तुझं नाव आधी टाक हवं तर."

"नाव राहू दे. हे बघ," नेस्तोरनं खुर्ची ओढली, "कान उघडतात, मान्य. पण कुठले? तू म्हणतेस पेशीच्या केंद्रातले. मला वाटतं, पृष्ठभागावरचे."

"पृष्ठभागावरचे? ते झटकन ऐकतात, या तर किती सावकाश मरतायत! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तुझं होतं का महिनाभर?"

ब्लांकाबाईंनी आपल्या खोलीचं दार ओढून घेतलं. कुणीतरी किटली चढवली.